हाताखालची भूमिती

प्राथमिक शाळेच्या पहिल्या चार इयत्तांमधील भूमिती बहुतेक वर्गांत नावांपुरती उरते. फळ्यावर किंवा पुस्तकात एक त्रिकोण, एक चौरस, एक आयत आणि एक वर्तुळ काढलेले असते, मुले त्यांची नावे एका सुरात म्हणतात, आणि पुढच्या तासाला बेरीज-वजाबाकी पुन्हा सुरू होते. या पद्धतीवर उतारा म्हणून कृतीयुक्त शिक्षण आले, त्याबरोबर रंगीत ठोकळे, चिकटकाम आणि कातरकाम आले, आणि भूमितीचा तास पूर्वीपेक्षा आनंदाचा झाला हे मान्यच करायला हवे. परंतु तो अधिक भूमितीचा झाला का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मुलांचे हात कामात आहेत एवढ्यावरून त्यांच्या हातून भूमिती घडते आहे असे ठरत नाही. लहान मुलांसाठी कृती तयार करणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक कृतीला एकच कसोटी लावावी: आकाराचा एखादा गुणधर्म त्या कृतीचा निकाल ठरवतो का? गुणधर्म म्हणजे आकाराविषयीची अशी गोष्ट, जी त्याचा रंग, त्याचे लहानमोठेपण किंवा त्याची ठेवण बदलली तरी बदलत नाही. त्या गोष्टीशी गाठ पडल्याशिवाय जी कृती पूर्ण करता येते, ती हस्तकलेच्या तासाला शोभेल, पण तिला भूमिती म्हणता येणार नाही.

घोटीव कागदाचे चौरस आणि त्रिकोण कापून त्यांचे घर चिकटवणे ही सर्वत्र आढळणारी कृती या कसोटीवर टिकत नाही. छप्पर त्रिकोणी असते हे मुलाला आधीच ठाऊक असते, शिक्षकाने दिलेला तुकडा ते जागेवर लावते, आणि त्या त्रिकोणाची एक बाजू किंचित वाकडी असती तरी घर तितकेच सुंदर दिसले असते. याउलट, अरविंद गुप्ता यांनी लोकप्रिय केलेली आगकाड्यांची रचना घ्यावी. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाशी त्यांचा संबंध आला, पुढे पुण्यात आयुका संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले, आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि गुल काढलेल्या काड्या एवढ्या साहित्यातून त्यांनी जी खेळणी उभी केली, त्यांत प्राथमिक भूमितीचा बराच मोठा भाग सामावलेला आहे. नळीचे छोटे तुकडे सांध्यांसाठी वापरून तीन काड्यांचा त्रिकोण आणि चार काड्यांचा चौरस जोडला, आणि दोन्ही बोटांनी दाबून पाहिले, की त्रिकोण जसाच्या तसा राहतो आणि चौरस एका बाजूला कलतो. चारही बाजू तेवढ्याच लांबीच्या राहतात, कोन मात्र बदलतात, आणि चौरसाचा समभुज चौकोन होतो. चार बाजू समान असल्या की चौरस झाला, हा पाठ केलेला समज इथे मुलाच्या बोटांखाली मोडतो, आणि तो मोडण्यासाठी शिक्षकाला एक शब्दही बोलावा लागत नाही.

या कृतीचा खरा लाभ यानंतरच्या पायरीवर आहे. हा हलणारा चौरस पक्का कसा करता येईल, असे विचारले की बहुतेक मुले समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमध्ये आणखी एक काडी लावायला जातात, म्हणजे कर्ण जोडायला जातात. पण काड्या सगळ्या एकाच लांबीच्या आहेत. तीच काडी कर्ण म्हणून बसवायची तर चौरसाला कलावे लागते, आणि हाती येते ती एका बाजूने चिकटलेल्या दोन समभुज त्रिकोणांची आकृती. ती पक्की असते, परंतु चौरस नसते. चौरस चौरसच ठेवून पक्का करायचा असेल तर कर्णासाठी काडीपेक्षा लांब काहीतरी हवे, आणि ते मुलांना खराट्याच्या हिरातून कापून, लावून पाहून, पुन्हा कापून मिळवावे लागते. चौरसाचा कर्ण त्याच्या बाजूपेक्षा मोठा असतो, आणि दुपटीपेक्षा मात्र लहान असतो, ही गोष्ट वर्गमूळ शिकण्याच्या कितीतरी वर्षे आधी मुलाने स्वतःच्या हाताने मिळवलेली असते. हीच रचना उंचीत नेली तर सहा काड्यांतून चार त्रिकोणी पृष्ठांची पक्की घनाकृती उभी राहते, तर बारा काड्यांचा घन उभाच राहत नाही. त्याच्या सहाही पृष्ठांवर एकेक कर्ण बसवल्यावर तो ताठ होतो. शाळेच्या वाटेवरचा विजेचा मनोरा आणि पत्र्याच्या छपराची कैची यांत इतके त्रिकोण का आहेत, याचे उत्तर नंतर मुले स्वतःच देतात.

असे अनुभव इतके महत्त्वाचे का, याचे एक चांगले स्पष्टीकरण नेदरलँड्समधील पिएर व्हान हिले आणि दिना व्हान हिले-गेल्डोफ या शिक्षक दाम्पत्याने दिलेले आहे. १९५७ साली उत्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधांत त्यांनी भूमितीविषयक विचाराच्या पातळ्या मांडल्या. पहिल्या पातळीवर मूल आकार एकसंध चित्र म्हणून ओळखते: ही आकृती दारासारखी दिसते म्हणून आयत. दुसऱ्या पातळीवर त्याला आकार गुणधर्मांचा समूह म्हणून दिसू लागतो: समोरासमोरच्या बाजू समान आहेत, चारही कोन काटकोन आहेत, म्हणून आयत. तिसऱ्या पातळीवर गुणधर्मांचे परस्परसंबंध लागतात, आणि प्रत्येक चौरस हा आयतही असतो, हे विधान पटते. या मांडणीतील सर्वांत मोलाचे प्रतिपादन असे की, एका पातळीवरून दुसरीवर जाणे वयावर अवलंबून नसून शिकण्याच्या अनुभवावर अवलंबून असते. ‘मोठे झाल्यावर कळेल’ ही आशा त्यामुळे निराधार ठरते. ज्याला चार वर्षे फक्त नावे मिळाली, ते मूल पाचवीतही पहिल्याच पातळीवर असते, आणि माध्यमिक शाळेत सिद्धता समोर आली की ती पाठ करण्यावाचून त्याला पर्याय राहत नाही. भूमितीची भीती म्हणून जे ओळखले जाते, त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

पहिल्या पातळीवर अडकण्याची खूण सहज ओळखता येते. त्रिकोण म्हणजे तळाला आडवी बाजू आणि वर टोक असलेली, तिन्ही बाजू जवळपास सारख्या दिसणारी आकृती, असे चित्र ज्या मुलाच्या मनात बसले आहे, ते टोक खाली असलेला त्रिकोण ‘उलटा’ ठरवते, लांबट निमुळता त्रिकोण त्रिकोणच नाही असे म्हणते, आणि वाकड्या बाजूंची समोशासारखी आकृती मात्र खुशाल त्रिकोणात धरते. चौरस कोपऱ्यावर उभा केला की त्याचा पतंग होतो. यात मुलाचा दोष नाही. त्याला जेवढी उदाहरणे दाखवली गेली, त्यांतून त्याने काढलेला निष्कर्ष बरोबरच आहे. दोष आहे उदाहरणांच्या निवडीत. म्हणून वर्गीकरणाची कृती तयार करताना तुकड्यांच्या ढिगात निमुळते, काटकोनी, तिरपे ठेवलेले त्रिकोण जितके हवेत, तितक्याच जवळजवळ-त्रिकोण असलेल्या आकृतीही हव्यात: एक कोपरा उघडा राहिलेली, एक बाजू फुगलेली, एक टोक कापलेली. सोप्या तुकड्यांचा ढीग मूल निमूटपणे वेगळा करते, तर अशा ढिगावर मुलांमध्ये वाद होतो, आणि त्या वादात ‘बाजू सरळ पाहिजे’, ‘कोपरा बंद पाहिजे’ अशी वाक्ये त्यांच्या तोंडून निघतात. व्याख्येचा जन्म असा होतो. शिक्षकाने फळ्यावर लिहिलेली व्याख्या शब्दांनी कदाचित अधिक नेमकी असेल, पण तिची गरज मुलाला कधी भासलेलीच नसते.

सुरुवात कुठून करावी, याबद्दलही रूढ क्रम उलटा आहे. सपाट आकृती सोप्या आणि घनाकृती अवघड, असे मानून पाठ्यक्रम बहुधा कागदावरच्या आकृतींपासून निघतो. मुलाच्या अनुभवात मात्र सपाट त्रिकोण नावाची वस्तू नसतेच. त्याच्या हातात येतात ते खडू, आगपेटी, चेंडू, खोका, विदूषकाची टोपी. पिशवीत हात घालून, न पाहता, वस्तूचे फक्त वर्णन करायचे आणि इतरांनी ती ओळखायची, हा खेळ पहिलीतही उत्तम चालतो, आणि नाव घेण्यास मनाई असल्यामुळे मुलाला कडा, टोक, सपाट बाजू यांचा शोध बोटांनी घ्यावा लागतो. झाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या अवकाशज्ञानावरील ग्रंथात पडद्याआड हात घालून आकार ओळखण्याचे प्रयोग आहेत. त्यांत लहान मूल वस्तू नुसती मुठीत धरते आणि थोडे मोठे मूल तिच्या कडांवरून बोट फिरवते, असे दिसून आले. त्यांचे काही निष्कर्ष पुढील संशोधकांनी मान्य केले नाहीत, परंतु स्पर्श करणे आणि स्पर्शाने शोधणे यांतला हा फरक कृती तयार करणाऱ्याने विसरू नये असा आहे. एका तिरक्या फळीवर याच वस्तू सोडून पाहिल्या, तर चेंडू कसाही सोडला तरी गडगडतो, आगपेटी फक्त घसरते, डबा एका रीतीने ठेवला तर गडगडतो आणि दुसऱ्या रीतीने ठेवला तर घसरतो. शंकू तर सपाट जमिनीवरही सरळ जात नाही. तो आपल्याच टोकाभोवती फेरी घेतो. त्याच्या दोन टोकांकडची जाडी वेगळी असल्यामुळे असे होते, हे तिसरीतले मूल थोड्या विचाराने सांगू शकते, फक्त सोडण्यापूर्वी ‘कुठे जाईल?’ असे त्याला विचारलेले असावे लागते. आधी अंदाज घेतलेला नसेल तर तीच घटना नुसती गंमत होऊन संपते.

सपाट आकृती हाती घेण्याची वेळ आली की कागदाच्या घडीइतके स्वस्त आणि नेमके साधन दुसरे नाही. वर्तमानपत्राचा वेडावाकडा फाडलेला तुकडा घ्यावा आणि त्याला कुठेही एक घडी घालावी. जी कडा तयार होते ती सरळ रेषा असते, पट्टी न वापरता मिळालेली. मग ही कडा स्वतःवरच तंतोतंत पडेल अशी दुसरी घडी घालावी, म्हणजे कोपऱ्यात काटकोन मिळतो. कागद उलगडला की एका बिंदूभोवती चार कोन दिसतात, आणि ते चारही घडीत एकमेकांवर बसलेले होते, म्हणून ते समान आहेत, यापेक्षा वेगळी सिद्धता इथे लागत नाही. हा कागदी काटकोन खिशात घालून मुलांनी वहीचा कोपरा, दाराची चौकट, बाकाची पाठ तपासावी. गवंडी आणि सुतार हेच काम गुण्याने करतात, हे त्यांना दाखवावे. अंश या एककाची ओळख होण्याआधी काटकोनापेक्षा लहान आणि काटकोनापेक्षा मोठा हा भेद असा पक्का झालेला असला, की कोनमापक पुढे नुसते यंत्र राहत नाही. कागदाच्या घड्यांवर मुलांच्या खेळापलीकडचा विश्वास ठेवणारे पहिले महत्त्वाचे पुस्तक मद्रासमध्ये १८९३ साली टी. सुंदर राव यांनी लिहिले. बालोद्यानातील कागदकामावरून त्यांना ही कल्पना सुचली, वेड्यावाकड्या तुकड्यातून चौरस मिळवण्यापासून त्यांनी आरंभ केला, आणि त्याच पद्धतीने ते पुढे बहुभुजाकृती व वक्ररेषांपर्यंत पोहोचले. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली, अमेरिकेत त्याची आवृत्ती निघाली. भारतातल्या प्राथमिक शाळांत मात्र ते पुस्तक आजही अनोळखी आहे, ही खेदाची गोष्ट म्हटली पाहिजे.

तयार साहित्याचा इतिहासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८३७ साली जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांची संस्था काढणाऱ्या फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी तत्पूर्वी बर्लिनमध्ये स्फटिकशास्त्रज्ञांच्या हाताखाली काम केले होते, आणि त्यांच्या ‘भेटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळसंचांमधील गोल, घन आणि वृत्तचिती या क्रमामागे निसर्गातील रूपे मूलभूत आकारांतून घडतात ही श्रद्धा होती. मारिया मॉन्टेसरी यांनी चौकटीत बसणारे भौमितिक तुकडे तयार केले, आणि मुलाने त्यांच्या कडांवरून दोन बोटे फिरवावीत यावर भर दिला. या दोन्ही परंपरा गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघामार्फत महाराष्ट्र-गुजरातच्या बालशिक्षणात मिसळल्या. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण काम सुरू केले, पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेले, आणि महागड्या लाकडी साधनांची जागा बिया, शिंपले, पाने, खडे यांनी घेतली. या बदलाकडे बहुधा गरिबीत काढलेली तोड म्हणून पाहिले जाते. तसे पाहणे अपुरे आहे. दुकानातून आलेल्या पेटीत बहुधा त्रिकोण समभुजच असतात, सर्व तुकडे सुबक कापलेले असतात, आणि ज्याला त्रिकोण म्हणून दाखवले जाते तो प्रत्यक्षात जाडी असलेला ठोकळा असतो. तिथे तुकडा चौकटीत बसला की काम संपते. दोन पाने मध्यशिरेवर दुमडून त्यांचे अर्धे भाग जुळतात का हे पाहणाऱ्या मुलाला मात्र ‘जवळजवळ जुळतात’ आणि ‘पूर्ण जुळतात’ यांतला फरक करावा लागतो, आणि सममिती, म्हणजे घडीच्या दोन्ही बाजूंचे भाग तंतोतंत सारखे असणे, ही कल्पना त्या फरकातूनच उमगते. साधन ओबडधोबड असल्यामुळे इथे विचार करणे भाग पडते.

मराठी घरांत या प्रकारचे एक साधन पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, आणि शाळेने त्याच्याकडे केवळ सणाची सजावट म्हणून पाहिले आहे. ठिपक्यांच्या रांगोळीचे दोन मुख्य प्रकार असतात. एकात ओळीखाली ओळ सरळ येते, पंधरा ठिपक्यांच्या पंधरा ओळी. दुसऱ्यात पुढच्या ओळीचे ठिपके मागच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतात, आणि मधली ओळ पंधराची धरून दोन्ही बाजूंना एकेक ठिपका कमी करत आठवर थांबले की सहा बाजूंची मांडणी तयार होते, जिच्या प्रत्येक बाजूवर आठच ठिपके असतात. मुलांना या दोन जाळ्या देऊन विचारावे की, ठिपके जोडून तिन्ही बाजू समान असलेला त्रिकोण कोणत्या जाळीत काढता येतो आणि चौरस कोणत्या जाळीत. ठिपक्यांमधली अंतरे सारखी ठेवली असतील तर पहिल्या जाळीत चौरस अनेक मिळतात, तिरपेसुद्धा मिळतात, पण समभुज त्रिकोण एकही मिळत नाही; दुसऱ्या जाळीत समभुज त्रिकोण मुबलक मिळतात आणि चौरस एकही नाही. याची सिद्धता प्राथमिक वर्गाच्या आवाक्यातली नाही, परंतु शोधूनही न सापडणे हा अनुभव त्या वयातही फार मोलाचा आहे, कारण ‘मला सापडले नाही’ आणि ‘ते असूच शकत नाही’ या दोन विधानांतले अंतर मुलाला इथे पहिल्यांदा जाणवते.

या सर्वांवर दोन आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखे आहेत. पहिला व्यवहाराचा: चाळीस मुलांच्या वर्गात, किंवा चार इयत्ता दोघांनी सांभाळायच्या द्विशिक्षकी शाळेत, हे जमायचे कसे? यावर उत्तर असे की, वर वर्णिलेल्या कृतींना जोड्यांनी बसणारी मुले, जुनी वर्तमानपत्रे आणि काड्यांच्या काही पेट्या एवढेच लागते. आणि बहुवर्ग शाळेत तर एकाच साहित्यावर पहिलीला कोपरे मोजता येतात, तिसरीला रचना हलते का हे पाहता येते आणि चौथीला कर्ण शोधता येतो. वेळ लागतो हे खरे आहे. तो द्यावा लागतो, आणि तो द्यायचा तर पाठ्यक्रमातील आकारांची यादी थोडी आखूड करण्याचे धैर्य दाखवावे लागते.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा आहे. भूमितीतील रेषेला जाडी नसते, बिंदूला आकारमान नसते. मग काडी आणि दोरी हाताळून मूल भूमितीच्या जवळ जाते की तिच्यापासून दूर राहते? अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ डेबोरा बॉल यांनी १९९२ साली गणिताच्या हाताळण्याच्या साहित्याविषयी इशारा दिला होता की, गणित साहित्यात भरलेले नसते आणि ते बोटांतून आपोआप डोक्यात जात नाही. हा इशारा योग्य आहे, आणि म्हणूनच कृतीची रचना अशी हवी की साहित्य अपुरे पडण्याची जागा मुलाला दिसावी. दोन्ही टोके बांधलेली दोरी दोन्ही हातांच्या अंगठ्यांवर आणि तर्जनींवर ताणून धरावी, म्हणजे आयत दिसतो. बोटे हळूहळू जवळ आणून हात लांब नेले की आयत लांबट आणि निमुळता होत जातो. इटलीतील एम्मा कास्तेल्नुओव्हो, ज्यांचे अंतर्ज्ञानाधिष्ठित भूमितीचे शालेय पुस्तक १९४८ साली आले, त्यांनी दोरी आणि पट्ट्यांच्या अशा हलत्या आकृतींना अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणले. दोरी तेवढीच आहे, म्हणून परिमिती तेवढीच आहे. आतली जागा, म्हणजे क्षेत्रफळ, मात्र कमी होत चालले आहे. आणखी ताणले तर काय होईल? दोरीला जाडी आहे म्हणून तिच्या दोन बाजू एकमेकींना टेकतात आणि बोटे थांबतात, पण चौथीतले मूल सांगते की दोरी अगदी बारीक असती तर आत काहीच उरले नसते. त्या वाक्यात मूल दोरी सोडून रेषेविषयी बोलू लागलेले असते. साहित्य जिथे संपते तिथून पुढे बोलायला लावणारा प्रश्न शिक्षकाकडे तयार असेल, तर काडी-दोरी अमूर्ताच्या आड येत नाहीत.

यातून मूल्यमापनाचा प्रश्न येतो, आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण जोवर चाचणीत ‘आकृतीचे नाव लिहा’ एवढेच विचारले जाते, तोवर कोणताही शिक्षक एवढा वेळ खर्च करणार नाही. नावाऐवजी निर्णय विचारणारी चाचणी घेणे मुळीच अवघड नाही. हिराचे ३, ४, ५, ८ आणि १० सेंटिमीटर लांबीचे तुकडे देऊन, कोणत्या तीन तुकड्यांचा त्रिकोण होईल हे जोडण्याआधी सांगायला लावावे. ३, ४ आणि ५ चा होतो. ३, ४ आणि ८ ची टोके एकमेकांना भेटतच नाहीत. ३, ५ आणि ८ मध्ये टोके भेटतात, पण दोन लहान तुकडे मोठ्या तुकड्यावर आडवे होतात. हा शेवटचा प्रसंग त्रिकोण मानायचा की नाही, याचे उत्तर मुलाने काय दिले यापेक्षा ते देताना त्याने कारण काय सांगितले, हे शिक्षकाने नोंदवहीत त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे, आणि वर्षअखेरीस तेच तुकडे पुन्हा देऊन दोन नोंदी शेजारी ठेवाव्यात.